गंभीर रुग्ण हाती आल्यावर: नर्ससाठी पहिली दहा मिनिटं आणि पुढची ड्युटी

‘पेशंट अचानक कोसळला’ असं आपण म्हणतो. पण त्याचा चार्ट मागे उलटून पाहिला, तर बहुतेक वेळा तो सहा-आठ तासांपासून घसरत असल्याचं दिसतं. श्वास १८ वरून २४ वर गेलेला, नाडी दर तासाला थोडी वाढलेली, लघवीची पिशवी हललेलीच नाही, आणि शेरा म्हणून ‘रात्रभर बडबडत होता’ एवढी एक ओळ. रक्तदाब मात्र शेवटपर्यंत ठीक. तो पडतो तेव्हा शरीराने सावरण्याचे सगळे उपाय करून झालेले असतात. म्हणून रक्तदाब पडण्याची वाट पाहायची नाही. त्याआधीची घसरण ओळखायची, आणि ती ओळखण्याची जागा डॉक्टरांच्या राउंडपेक्षा बेडशेजारच्या नर्सकडे जास्त असते.

हा लेख जिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय किंवा छोट्या आयसीयूत नव्याने रुजू झालेल्या सिस्टर-ब्रदरसाठी आहे. औषधांचे डोस नेहमी डॉक्टरांच्या ऑर्डरप्रमाणे आणि आपल्या रुग्णालयाच्या प्रोटोकॉलप्रमाणेच द्यायचे. इथे आकडे दिले आहेत ते आपण काय देतोय आणि का, हे कळावं म्हणून.

ड्युटी हाती घेताना

हँडओव्हर नर्सिंग स्टेशनवर बसून घेऊ नका, बेडशेजारी उभं राहून घ्या. प्रत्येक नळी सलाईनच्या बाटलीपासून पेशंटच्या शरीरापर्यंत बोटाने मागोवा घेत तपासा. पंपावरचा दर ऑर्डरशी जुळतो का, सिरिंजमध्ये किती उरलंय, मॉनिटरच्या अलार्मची मर्यादा कुणी बंद तर केली नाही ना, हे बघा. मग सक्शन चालू करून नळीला अंगठा लावून खेच आहे का पाहा. अम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) मास्कसकट बेडजवळ हवी, ऑक्सिजनचा जोड घट्ट हवा आणि लॅरिंगोस्कोपचा (श्वासनलिकेत नळी घालताना घसा पाहायच्या उपकरणाचा) दिवा पेटायला हवा. हे पाच मिनिटांचं काम आहे. रात्री तीन वाजता दिवा पेटला नाही तर ती पाच मिनिटं कुठून आणणार?

पहिली नजर

पेशंटजवळ जा, खांद्याला हात लावा आणि विचारा, “काका, कसं वाटतंय?” ते पूर्ण वाक्यात उत्तर देत असतील, तर श्वासमार्ग मोकळा आहे आणि मेंदूला रक्त पोचतंय. एकेक शब्द तोडून बोलत असतील, तर श्वासाची अडचण गंभीर आहे. उत्तरच आलं नाही, तर लगेच मदतीला हाक मारा. नाडी आणि श्वास दहा सेकंदांच्या आत तपासा. नाडी लागत नसेल तर छातीवर दाब सुरू करा, बाकी सगळं नंतर.

नाडी असेल तर आता ए, बी, सी, डी, ई याच क्रमाने जायचं. क्रम यासाठी की जे आधी जीव घेतं ते आधी सोडवायचं. एका पायरीवर अडचण सापडली तर ती सोडवल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, आणि उपाय केल्यावर पुन्हा पहिल्या पायरीपासून तपासायचं.

ए: श्वासमार्ग

कान द्या. घोरल्यासारखा आवाज म्हणजे जीभ मागे पडली आहे. घुरघुर म्हणजे घशात लाळ, उलटी किंवा रक्त साचलंय. श्वास आत घेताना चिरका आवाज येत असेल तर स्वरयंत्राजवळ सूज किंवा अडथळा आहे. सगळ्यात धोक्याची ती शांतता, जिथे छाती आणि पोट उलटसुलट हलतायत पण हवा जातच नाही.

डोकं मागे करून हनुवटी उचला. दुचाकीच्या अपघाताचा पेशंट असेल, मानेच्या दुखापतीची शंका असेल, तर मान न हलवता फक्त जबडा पुढे ढकला. तोंडात दिसेल तिथपर्यंतच सक्शन करा. ओरल एअरवे घालायची असेल तर तोंडाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत मापून घ्या. पेशंटला ओकारीची प्रतिक्रिया शिल्लक असेल तर ती घालू नका, उलटी होऊन छातीत जाईल.

बी: श्वास

इथे मी जरा जास्त थांबणार आहे. कितीतरी वॉर्डांतल्या चार्टवर श्वासाच्या रकान्यात ओळीने १८, २०, १८, २० असंच लिहिलेलं दिसतं. ते मोजलेले श्वास नसतात. मॉनिटर नाडी दाखवतो, ऑक्सिजन दाखवतो, आणि श्वासाचा आकडाही देतो, पण तो छातीवरच्या इलेक्ट्रोडवरून येतो आणि पेशंट हलला की चुकतो. श्वास डोळ्यांनी, पूर्ण ६० सेकंद मोजायचे. मनगट धरून नाडी मोजतोय असं दाखवा आणि नजर छातीवर ठेवा, म्हणजे पेशंट जाणूनबुजून श्वास बदलणार नाही.

मोठ्या माणसात १२ ते २० हे नेहमीचं. २५ किंवा जास्त, अथवा ८ किंवा कमी, हा एकटा आकडाही डॉक्टरांना बोलावायला पुरेसा आहे. वाढलेला श्वास म्हणजे फक्त फुप्फुसाचा आजार असं नाही. सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्ग अंगभर भिनून अवयव बिघडू लागतात तेव्हा), डायबेटिक किटोअॅसिडोसिसमध्ये (मधुमेहात रक्त आम्लयुक्त होतं तेव्हा), किडनी बंद पडल्यावर रक्तात आम्ल वाढतं आणि शरीर ते श्वासावाटे बाहेर टाकायला बघतं. अशा पेशंटचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९८ असेल, छाती स्वच्छ असेल, तरी श्वास ३२ असेल. ‘सॅच्युरेशन चांगलंय’ म्हणून त्याला सोडून दिलं तर घात होतो.

मोजताना मेहनतही बघा. मानेचे स्नायू ओढले जातायत का, नाकपुड्या फुलतायत का, पुढे वाकून हात टेकून बसलाय का? दम्याच्या पेशंटची सूंसूं थांबली आणि तो गुंगीत जाऊ लागला, तर तो बरा होत नाहीये, दमलाय. त्याला तासाभरात श्वासनलिकेत नळी घालण्याची (इंट्युबेशनची) गरज लागू शकते.

पल्स ऑक्सिमीटरवर विश्वास ठेवण्याआधी स्क्रीनवरची लाट नीट उमटते का आणि त्यावरची नाडी हाताने मोजलेल्या नाडीशी जुळते का ते पाहा. हात थंड असतील, नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल, तर बोट बदला किंवा कानाच्या पाळीला लावा. बंद खोलीत शेगडीच्या धुरात सापडलेल्या माणसात हे यंत्र खोटा चांगला आकडा दाखवतं, कारण कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरक त्याला कळत नाही.

पेशंटला आधी उठवून बसवा, रक्तदाब झेपत असेल तर. सौम्य गरजेला नाकातल्या प्रॉंग्ज, मिनिटाला ६ लिटरपर्यंत. गंभीर पेशंटला पिशवीवाला नॉन-रिब्रीदर मास्क, १० ते १५ लिटर, आणि पिशवी पूर्ण फुगल्यावरच मास्क तोंडाला लावायचा. बहुतेकांना ९४ ते ९८ टक्के सॅच्युरेशन पुरतं. सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या) पेशंटला मात्र ८८ ते ९२ ठेवायचं. आपल्याकडे हा आजार फक्त बिडी ओढणाऱ्यांना होत नाही. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या आजींनाही होतो, आणि त्यांच्या केसपेपरवर ‘धूम्रपान नाही’ असं लिहिलेलं असतं, म्हणून चुलीबद्दल विचाराच. तरीही सॅच्युरेशन ७० वर असताना सीओपीडीच्या भीतीने ऑक्सिजन रोखून धरू नका. आधी द्या, मग मोजून कमी करा.

सी: रक्ताभिसरण

हात लावा. तळवे, पाय, गुडघे गार आहेत का? गुडघ्यांवर जांभळट जाळी दिसते का? बोटाच्या टोकावर पाच सेकंद दाबून सोडा. रंग परत यायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर टोकाला रक्त कमी पोचतंय.

तरुण पेशंट फसवतात. पाळीच्या आधी पोटात दुखतंय म्हणून आलेली, नाडी १३०, पांढरीफटक मुलगी, रक्तदाब ११०/७०. फुटलेल्या एक्टोपिकमध्ये (गर्भाशयाबाहेरच्या गर्भधारणेत) हा रक्तदाब काही मिनिटांत नाहीसा होतो. डेंग्यूत वरचा आकडा टिकतो आणि खालचा वर सरकतो. १००/८४ हा रक्तदाब वाचायला बरा वाटतो, पण दोन आकड्यांतलं अंतर २० च्या आत आलं की तो शॉक आहे, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त पोचत नाहीये. आणि हे बहुधा ताप उतरल्यावर घडतं, घरचे ‘आता बरंय, डिस्चार्ज द्या’ म्हणत असतात तेव्हा.

सरासरी रक्तदाब काढायला शिका: वरचा आकडा, अधिक खालच्याची दुप्पट, भागिले तीन. ९०/५० म्हणजे साधारण ६३. बहुतेक शॉकच्या पेशंटांत ६५ च्या वर ठेवायचा असतो. मशीनचा आकडा विचित्र वाटला तर हाताने मोजा, आणि कफ दंडाच्या मापाचाच हवा.

दोन जाड कॅन्युला लावा, शक्यतो १८ नंबरच्या म्हणजे हिरव्या, आणि त्याच टोचणीत रक्तही काढून घ्या. सेप्सिसची शंका असेल तर अँटिबायोटिकच्या आधी कल्चर (जंतू शोधण्यासाठी रक्ताचा नमुना). पण कल्चरसाठी अँटिबायोटिक रखडवू नका, शॉक असेल तर पहिला डोस तासाभरात जायला हवा. सेप्सिसमध्ये पहिल्या तीन तासांत वजनाच्या किलोमागे ३० मिली सलाईनची ऑर्डर बऱ्याचदा येते, ६० किलोच्या माणसाला १८०० मिली. हे सगळं एकदम सोडून निघून जायचं नाही. प्रत्येक २५०-५०० मिलीनंतर श्वास मोजा, छातीचे तळ ऐका. श्वास वाढला आणि तळाला बारीक करकर ऐकू आली तर सलाईन थांबवून डॉक्टरांना सांगा.

लघवी हा आयसीयूतला सगळ्यात स्वस्त आणि प्रामाणिक मॉनिटर. तासाला किलोमागे अर्धा मिली, म्हणजे ६० किलोला ३० मिली. सलग दोन तास त्याखाली गेली की कळवा. त्याआधी नळी वळलेली किंवा तुंबलेली नाही ना, एवढं मात्र पाहून घ्या.

‘गॅस झालाय, ॲसिडिटी आहे’ म्हणत घामाघूम होऊन आलेला मधुमेही पेशंट दिसला तर दहा मिनिटांत ईसीजी काढा. मधुमेहात हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो.

डी: शुद्ध

शुद्ध हरपलेल्या, झटके येणाऱ्या किंवा वेड्यासारखं वागणाऱ्या प्रत्येक पेशंटची साखर आधी तपासा. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत नसेल तर ऑर्डरप्रमाणे शिरेतून डेक्स्ट्रोज. २५ टक्क्यांच्या १०० मिलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा बघायची. गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींमध्ये ती तासांनंतरही परत उतरते, म्हणून एकदा शुद्धीवर आला की झालं असं धरू नका.

जीसीएस (शुद्ध मोजायची गुणपद्धत: ई म्हणजे डोळे उघडणं, व्ही म्हणजे बोलणं, एम म्हणजे हालचाल) लिहिताना नुसता ‘९’ लिहू नका. ई२ व्ही२ एम५ असं फोडून लिहा, कारण पुढच्या सिस्टरला नेमकं काय कमी झालं ते त्यावरूनच कळतं. नळी असेल तर बोलण्याच्या जागी ‘व्हीटी’. बेरीज दोनने उतरली तर लगेच सांगा. ८ किंवा कमी असेल तर श्वासमार्ग धोक्यात आहे असं समजून इंट्युबेशनची तयारी ठेवा. प्रतिसाद पाहायला वेदना द्यायची तर खांद्याचा स्नायू चिमटीत धरा. छातीच्या हाडावर दर तासाला मुठी घासून त्वचा सोलू नका. बाहुल्यांचा आकार मिलिमीटरमध्ये लिहा.

आणि ‘आजोबा म्हातारपणामुळे बरळतायत’ हे वाक्य स्वीकारू नका. घरच्यांना विचारा, “परवा घरी कसे होते?” परवा पेपर वाचत होते असं उत्तर आलं, तर हा नवा गोंधळ आहे, आणि त्यामागे ऑक्सिजन, साखर, सोडियम, सेप्सिस, तुंबलेली लघवी यांपैकी काहीतरी असणार.

ई: अंग उघडून पाहणं

पडदा ओढा, मावशींना सोबत घ्या, पेशंटला आधी सांगा आणि मग डोक्यापासून टाचेपर्यंत पाहा. पाठ, जांघा, बोटांमधल्या खाचा. पाहून झालं की लगेच पांघरूण, कारण थंड पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी, उलटी घेऊन आला आणि पापण्या जड झाल्या असतील, तर मण्यार चावल्याचा विचार करा. तिच्या दातांची खूण बहुतेकदा दिसतही नाही. अशा पेशंटला एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते दर अर्ध्या तासाला पाहून लिहा. आकडा घसरतोय म्हणजे श्वासाचे स्नायू थकतायत. हा माणूस श्वास थांबून मरतो, आणि व्हेंटिलेटरवर किंवा अम्बू बॅगवर धरून ठेवला तर पूर्ण बरा होऊन घरी जाऊ शकतो.

डॉक्टरांना फोन

न्यूज-२ ही गुणपद्धत श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन लागतो का, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप यांना गुण देते. बेरीज ५ झाली तर तातडीने, ७ झाली तर आणीबाणी म्हणून बोलवायचं. एकाच गोष्टीला ३ गुण मिळाले तरी डॉक्टरांना दाखवायचं. फोनवर ‘सर, पेशंट बरा वाटत नाही’ एवढंच सांगितलं तर समोरून ‘बघतो’ एवढंच येतं. असं बोला:

“सर, मेल मेडिकलमधून स्टाफ सिस्टर बोलतेय. बेड ७, पंचावन्न वर्षांचे, न्यूमोनिया, काल दाखल. दोन तासांत श्वास २२ वरून ३२, नाडी १२८, बीपी ९६/५४, दहा लिटरवर सॅच्युरेशन ९०. आता वेळकाळाचं भान नाहीये, लघवी दोन तासांत २० मिली. मला सेप्टिक शॉक वाटतोय. तुम्ही आत्ता यावं, आणि तोवर ३०० मिली सलाईन सोडू का?”

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. आपल्याला काय वाटतं आणि काय हवंय ते सांगायला नर्सने कचरायचं कारण नाही. फोनवर मिळालेली ऑर्डर तशीच्या तशी परत वाचून दाखवा आणि सर आल्यावर सही घ्या. कुणी आलं नाही तर दहा मिनिटांत पुन्हा फोन, मग वरच्या डॉक्टरांना. हा उद्धटपणा नव्हे.

फवारणीचं विष: नर्सच्या निरीक्षणावर चालणारा उपचार

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले, तेव्हा हा विषय राज्यभर गाजला. विदर्भ-मराठवाड्यातल्या वॉर्डांना तो कधीच नवा नव्हता. ऑर्गॅनोफॉस्फरस (फवारणीच्या कीटकनाशकांतलं विष) पोटात गेलं असो वा अंगावर, आधी स्वतः हातमोजे आणि एप्रन घाला. मग पेशंटचे सगळे कपडे काढा, साबण-पाण्याने अंग, केस, नखांखाली, कानामागे धुवा. कपडे अंगावर राहिले तर विष त्वचेतून जातच राहतं.

या विषावरच्या उताऱ्याचा, ॲट्रोपिनचा, डोस दर पाच मिनिटांनी दुप्पट करत नेतात, आणि कुठे थांबायचं ते नर्सने पाहिलेल्या खुणांवर ठरतं: छाती कोरडी झाली का, नाडी ८० च्या वर, वरचा रक्तदाब ८० च्या वर, काखेत घाम नाही, बाहुल्या टाचणीएवढ्या राहिल्या नाहीत. यांत सगळ्यात महत्त्वाची छाती, नुसत्या बाहुल्यांवर जाऊ नका. उलट ताप चढला, पेशंट हवेत हात मारू लागला, पोटाचे आवाज बंद झाले, लघवी तुंबली, तर ॲट्रोपिन जास्त होतंय. या खुणांचा एक तक्ता बेडला लावा आणि सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी भरा.

पुढचा धोका लपलेला असतो. पहिल्या दिवसानंतर, साधारण २४ ते ९६ तासांत, शुद्धीवर असलेल्या, बोलणाऱ्या पेशंटचे मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. दर चार तासांनी सांगा, “दादा, डोकं उशीवरून उचला.” उचलता आलं नाही तर डॉक्टरांना बोलवा, इंट्युबेशनचा ट्रे उघडून ठेवा. या एका वाक्याच्या तपासणीने माणसं वाचतात.

मुद्दाम विष घेतलेला पेशंट शुद्धीवर आला की त्याला एकटं सोडू नका. ‘पोराबाळांचा विचार नाही केला का?’ असं कुणी विचारत असेल, तर त्यांना हळूच बाजूला घ्या. मानसोपचार रेफरल मागा आणि घरच्यांना टेली मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक लिहून द्या.

व्हेंटिलेटर आणि पंप

दर शिफ्टला श्वासाची नळी ओठाजवळ किती सेंटिमीटरवर आहे ते लिहा. नळीच्या कफचा (टोकाजवळच्या फुग्याचा) दाब २० ते ३० सेंटिमीटर पाणी. डोकं ३० ते ४५ अंश वर. सक्शन घड्याळाप्रमाणे नको, गरज असेल तेव्हाच: आधी १०० टक्के ऑक्सिजन, आत-बाहेर मिळून १५ सेकंदांच्या आत.

अलार्म वाजला की मशीनकडे नाही, छातीकडे बघा. सॅच्युरेशन पडत असेल तर चार कारणं याच क्रमाने: नळी सरकली, नळी तुंबली, छातीत हवा भरली, मशीन बिघडलं. कळत नसेल तर मशीन सोडवून अम्बू बॅगने १०० टक्के ऑक्सिजन द्या आणि मदत बोलवा.

नॉरअॅड्रेनलिनचा (रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाचा) हिशेब स्वतः करून पाहा. ५० मिलीत ४ मिलिग्रॅम म्हणजे मिलीमागे ८० मायक्रोग्रॅम. ६० किलोला किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम हवं असेल तर तासाला ३६० मायक्रोग्रॅम, म्हणजे साडेचार मिली. सिरिंज संपण्याआधी दुसरी भरून तयार हवी, आणि त्या लाइनमधून दुसरं काहीही ढकलायचं नाही. पोटॅशियम क्लोराइड कधीही थेट शिरेत ढकलू नका, हृदय थांबतं. त्याचे ॲम्प्यूल इतर औषधांपासून वेगळे, लेबल लावून ठेवा.

दर दोन तासांनी कूस, तोंडाची आणि डोळ्यांची स्वच्छता, टाचांखाली आधार. यात नवीन काही नाही, पण रात्री स्टाफ कमी असतो तेव्हा आधी हेच गळतं. बेशुद्ध पेशंटलाही प्रत्येक वेळी नावाने हाक मारून, काय करतोय ते सांगूनच हात लावा.

नातेवाईक आणि नोंद

व्हरांड्यात सतरंजी टाकून बसलेल्या घरच्यांचा प्रश्न एकच असतो, “सिस्टर, वाचेल ना?” ‘काही होणार नाही’ म्हणू नका, आणि ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणून पाठही फिरवू नका. दिसतंय ते सांगा: “ताई, श्वासासाठी मशीन लावलंय, बीपीचं औषध चालू आहे, प्रकृती गंभीर आहे. डॉक्टर अकरा वाजता भेटतील, मी तुम्हाला हाक मारते.” आणि मग खरंच हाक मारा. शक्य असेल तेव्हा हात धुवून त्यांना पेशंटचा हात धरू द्या.

नोंद त्याच वेळी करा. किती वाजता काय दिसलं, काय केलं, कुणाला कळवलं, ते काय म्हणाले, पेशंटमध्ये काय फरक पडला. विषबाधा, अपघात, भाजणं यांत एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसचा) नंबर घातला का पाहा, आणि काढलेले कपडे व पोट धुतलेल्या पाण्याचा नमुना सीलबंद करून पोलिसांकडे दिल्याची सही रजिस्टरमध्ये घ्या.